‘ह्यातला कोणचा बोलला रे?’ : ‘मुफासा’ हिंदीत बघावा की इंग्रजीत

‘मुफासा : द लायन किंग’ आमच्या घरात तीन भाषांत पाहिला गेला. त्यात माझा काही अभ्यासू हेतू नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये संभाजीनगरला धाकट्या भावाकडे गेलो होतो, तेव्हा इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पुतण्याच्या हट्टापायी थिएटरात इंग्रजीतला पाहिला. पुढे मार्चमध्ये तो जिओहॉटस्टारवर आला आणि उन्हाळ्यात नांदेडच्या घरी हिंदीत लागला. तिसरी वेळ बायकोच्या माहेरी, धर्माबादला. तिथे घरात तेलुगू बोलतात, त्यामुळे कोणत्या भाषेत लावायचा हे तिथे कोणी विचारलंही नाही.

आता सुट्टीत कोणाकडे पोरं जमली की फोन येतो, ‘हिंदी लावू का इंग्लिश?’ आतापर्यंत मी ‘तुमच्या आवडीनं बघा’ म्हणून मोकळा होत होतो. पण खरं सांगायचं तर माझं मत झालेलं आहे, आणि ते ज्या गोष्टीमुळे झालं ती मी आधी धरलीच नव्हती.

गोष्ट थोडक्यात. २०१९ चा ‘द लायन किंग’ ज्यांनी पाहिला त्यांना जास्त सांगायला नको. हा त्याच्या पुढचाही आहे आणि मागचाही. मुफासाचा मुलगा सिंबा, त्याची लेक कियारा. तिला रफिकी नावाचं म्हातारं माकड तिच्या आजोबांची, म्हणजे मुफासाची, गोष्ट सांगतं. पुरात वाहून आलेलं अनाथ पिल्लू आणि त्याला पाण्यातून वाचवणारा टाका, असे हे दोन मानलेले भाऊ. हाच टाका पुढे मुफासाचा वैरी स्कार होतो. हे सांगून मी काही फोडलं असं समजू नका, पोरांना ते आपल्याआधी ठाऊक असतं. टाका या नावानं आमच्याकडे वेगळीच गंमत केली. पडद्यावर मुफासा जिवाच्या आकांतानं ‘टाका! टाका!’ ओरडतोय आणि आई मला विचारतेय, ‘काय टाका म्हणतोय?’ ही अडचण मात्र तिन्ही भाषांत सारखीच, तेव्हा ती तुलनेतून बाद.

आता मुख्य गोष्ट. १९९४ च्या हातानं काढलेल्या चित्रपटात मुफासा सोनेरी, लालसर आयाळीचा, आणि स्कार काळ्या आयाळीचा, किडमिडा. आवाज बंद करून बघितला तरी कोण कोण ते कळावं. या नव्यात सगळे सिंह खऱ्यासारखे. एकेक केस मोजून घ्यावा असे. बॅरी जेनकिन्स या दिग्दर्शकाच्या माणसांनी काय मेहनत केली असेल त्याला हात जोडले पाहिजेत. पण खऱ्या सिंहाला भुवया नसतात, ओठ मुडपता येत नाहीत, आणि दोन तरुण सिंह शेजारी शेजारी उभे राहिले की ते दोन तरुण सिंहच दिसतात. टाकाच्या तोंडावर अजून व्रण आलेला नाही. त्यात निम्मा प्रवास बर्फातून आणि अंधारातून. पुतण्या म्हणे आयाळीच्या रंगावरून ओळखू येतात. त्याचे डोळे दहा वर्षांचे आहेत.

म्हणजे या चित्रपटात चेहऱ्याचं काम आवाजाला करावं लागतं. तो नीट लागला तर लागला, नाही तर सगळी गुहा एकाच सिंहानं भरलेली.

संभाजीनगरला माझ्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला लेक. आई बहात्तर वर्षांची, इंग्रजीशी तिचा संबंध औषधाच्या पाकिटापुरता. तिला समजावून सांगावं लागणार हे मी धरूनच होतो, आणि त्याचा त्रास मी मोजत नाही. पण तिचा प्रश्न ‘काय म्हणला?’ असा नव्हताच. ती दर पाच मिनिटांनी विचारायची, ‘ह्यातला कोणचा बोलला रे?’ पहिल्या दोन-तीन वेळा मी ऐटीत सांगितलं. चौथ्यांदा मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मलाही माहीत नाही. संवाद कळला होता, शब्द न् शब्द कळला होता, फक्त तो कोणाचा ते कळलं नव्हतं. मी अंदाजानं ‘मुफासा’ म्हणून टाकलं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं लेक म्हणाली, ‘पप्पा, तो टाका होता.’ पुढच्या ओळीतल्या बाईंनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं. त्यानंतर मी चित्रपट बघायचं सोडून सिंह ओळखायच्या मागे लागलो, आणि दोन भावांमध्ये वितुष्ट येतं तो सगळा भाग, म्हणजे ज्यासाठी हा चित्रपट काढला तोच भाग, माझ्या हातून निसटला.

यात इंग्रजी नटांचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. ॲरन पिअर हा मुफासा आणि केल्विन हॅरिसन ज्युनिअर हा टाका, दोघेही उत्तम बोलतात. अडचण एवढीच की दोघेही तरुण, दोघेही दमदार, आणि मला दोघेही आधी माहीत नव्हते. माझ्या कानाला ते सख्खे भाऊच वाटले. जेम्स अर्ल जोन्स असते तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी १९९४ आणि २०१९ या दोन्ही वेळी मुफासाला आवाज दिला होता. तो खर्ज एकदा कानात बसला की मागच्या खोलीतूनही ओळखू यावा. सप्टेंबर २०२४ मध्ये ते गेले आणि हा चित्रपट त्यांच्या स्मृतीला वाहिला आहे. पण इथे मुफासा तरुण आहे, तेव्हा तो आवाज शोभलाही नसता.

मग उन्हाळ्यात हिंदी. लावताना माझ्या मनात आढीच होती. हिंदीत मुफासा म्हणजे शाहरुख खान, २०१९ मध्येही तोच होता. मला वाटायचं, सिंह बोलतोय की शाहरुख? आणि पहिली दहा मिनिटं तसंच झालं. पिल्लाचा आवाज त्याच्या धाकट्याचा, अबरामचा. अकरा वर्षांच्या पोराचा गोड, कोवळा आवाज. मग पिल्लू एका उडीत मोठं होतं आणि एकदम एकोणसाठ वर्षांच्या माणसाचा आवाज येतो. इंग्रजीत ही उडी तिशीतल्या पिअरपर्यंत जाते, ती सहज वाटते. इथे मधली वीस-पंचवीस वर्षं कोणीतरी कापून नेल्यासारखी वाटतात. ज्याला कान आहे त्याला हे खटकणार, आणि खटकलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

पण आईनं दहाव्या मिनिटाला एकदाच विचारलं, ‘हा शारूक ना?’ मी हो म्हणालो. तेवढंच. त्यानंतर तिनं एकदाही विचारलं नाही. शाहरुखचा आवाज आला की मुफासा, नाही आला की दुसरा कोणीतरी. अंधार असो, बर्फ असो, सिंह पाठमोरा असो. ज्या गोष्टीला मी दोष समजत होतो, म्हणजे तो आवाज विसरताच येत नाही, ती गोष्ट इथे उपयोगाला आली. टाकाला मेयांग चँगचा आवाज आहे. तो हलका, जरा वरच्या पट्टीतला, त्यामुळे दोघांत गल्लत होत नाही. मत्सर हळूहळू चढत जातो तो त्या आवाजात मला पहिल्यांदा ऐकू आला. चित्रपट मी दुसऱ्यांदा बघत होतो, पण टाकाची कीव मला पहिल्यांदाच आली.

थिएटरचा आवाज आणि आमच्या बैठकीतल्या टीव्हीचा आवाज यांची तुलना न्याय्य नाही हे मला मान्य आहे. पण ती अन्याय्य होती ती इंग्रजीच्याच फायद्यानं. शिवाय मी दुसऱ्यांदा बघत होतो, तेवढी सूट हिंदीला मिळाली हेही कबूल. आई मात्र दोन्ही वेळा तितकीच कोरी होती. डिसेंबरातलं तिला ‘सिंव्ह होते आणि बर्फ होता’ एवढंच आठवत होतं.

हिंदी तिला जड कशी गेली नाही, असं मुंबई-पुण्याचा कोणी विचारेल. नांदेडात हा प्रश्न पडत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, माझ्या आजोबांची शाळा उर्दूतली. भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी, शेजारच्या चाचीशी आई जी बोलते ती ‘हौ’ आणि ‘नक्को’ची दखनी. चित्रपटातली हिंदी ती नव्हे, पण घराण्यातली आहे. एखादा शब्द अडला तरी वाक्य अडत नाही.

मीरकॅट टिमॉन आणि रानडुक्कर पुम्बा. हे दोघं गोष्ट सांगताना मध्ये मध्ये तोंड घालतात, आणि मूळ चित्रपटातच ते जरा जास्त झालंय असं माझं मत. इंग्रजीत बिली आइकनर आणि सेथ रोगन यांच्या विनोदांना थिएटरात पुतण्या एकटा हसत होता. हिंदीत श्रेयस तळपदे आणि संजय मिश्रा आहेत. तळपदेंच्या टिमॉनला मुंबईच्या रस्त्यावरचं वळण आहे. आमच्या लेकीनं चेहरा न बघता ओळखलं, ‘हा पुष्पावाला!’ ते खरंच आहे. हिंदी ‘पुष्पा’मध्ये अल्लू अर्जुनला आवाज तळपदेंचाच, आणि ‘पुष्पा २’ तर ‘मुफासा’च्या पंधरा दिवस आधीच थिएटरात आला होता. एवढ्याशा मुंगसासारख्या प्राण्याच्या तोंडातून तो आवाज ऐकून पोरं जी खिदळली, त्यात विनोद कमी आणि ओळख जास्त होती. रफिकीला मकरंद देशपांडे. म्हणजे दोन-दोन मराठी माणसं माइकपुढे उभी, आणि चित्रपट इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगूत. मराठीत नाही. असता तर हा सगळा प्रपंचच करावा लागला नसता.

इंग्रजी लावून खाली अक्षरं चालू ठेवा, असंही काहीजण सुचवतात. करून पाहिलं. लेक चौथीत आहे, ती अक्षरांमागे धावते आणि सिंह वर राहून जातात. आईचा चष्मा वेगळा. आणि अक्षरं काय बोललं ते सांगतात, कोण बोललं हे दर वेळी सांगतच नाहीत. म्हणजे आमचा मूळ रोग तसाच. एरवी डब केलेल्या कार्टूनमध्ये ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच, त्याचा मला फार त्रास होतो. इथे सिंहाचं तोंड नुसतं उघडतं आणि मिटतं, त्यामुळे हिंदी त्यात बेमालूम बसते. मुद्दाम बघायला गेलो तरच सापडतं.

तेलुगूबद्दल मी अधिकारानं बोलू शकत नाही, मला निम्मंच कळतं. धर्माबादला मेहुणीच्या मुलानं ‘महेश बाबू!’ म्हणून आरोळी ठोकली तेव्हा मला आमच्या आईचा ‘शारूक’ आठवला. २०१९ मध्ये तेलुगूत मुफासा पी. रविशंकर यांच्या आवाजात होता, या वेळी महेश बाबू. आवाज बदलल्याचं तिथे कोणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही. पुम्बाला ब्रह्मानंदम आणि टिमॉनला अली आहेत, हे मागच्या वेळचेच. ब्रह्मानंदम नुसते खाकरले तरी सासरे हसत होते. ज्या घरात तेलुगू चालते त्यांनी दुसरा विचारच करू नये, देगलूर-बिलोलीकडची निम्मी घरं यात आली. मी तिथे पाहुणा होतो, तरी मुफासा कोणता हे मला त्या घरातल्या आरडाओरड्यावरून कळत होतं.

मग इंग्रजी कोणी घ्यावा? मुलं दहा-बारा वर्षांच्या पुढची असतील, घरात म्हातारं माणूस नसेल आणि दिवे घालवून गप्प बसणारं घर असेल, तर इंग्रजी घ्या. गाण्यांसाठी तर नक्कीच. ती लिन-मॅन्युएल मिरांडा यांची आहेत आणि त्यांच्या शब्दांची यमकं अशी गच्च विणलेली असतात की दुसऱ्या भाषेत नेताना कुठेतरी उसवणारच. किरोस हा पांढऱ्या सिंहांचा म्होरक्याही इंग्रजीतच जास्त भयंकर वाटतो. मॅड्स मिकेल्सनचा थंड, न ओरडता अंगावर येणारा आवाज आहे तो. आणि पांढरा असल्यामुळे तो कोण हे विचारावंही लागत नाही. मला वाटतं, सगळेच सिंह असे वेगवेगळ्या रंगाचे असते तर मी कदाचित इंग्रजीच्या बाजूनं लिहिलं असतं.

तसं नाही म्हणून आमच्या टीव्हीवर भाषा हिंदीच ठेवलेली आहे. किरोसचं ‘बाय बाय’ हे गाणं तेवढं मी इंग्रजीत ऐकतो, मोबाइलवर, घरची झोपल्यावर.