टेललाइट काळ्या केल्या त्याला आठ महिने झाले

गेल्या नोव्हेंबरात, पाऊस पूर्ण गेल्यावर, माझ्या दहा वर्षं जुन्या हॅचबॅकच्या दोन्ही टेललाइट मी घरीच स्प्रे मारून काळसर केल्या. आता जुलै आहे. रोज फोंडा-पणजी जाणं-येणं, ऑफिसबाहेर गाडी दिवसभर उन्हात. रंग टिकतो का? टिकतो. माझी अडचण वेगळीच निघाली, ती पुढे सांगतो.

आधी तयारी, कारण खरं काम तेच आहे. भंगारवाल्याकडून एक फुटकी टेललाइट आणून तिच्यावर हात बसवला, हे फार बरं झालं. मागच्या दिव्याची 'काच' बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्रिलिकची असते. तेलकटपणा काढायला मी फडक्यावर थिनर घेतला आणि स्क्रूच्या भोकाभोवती कोळिष्टकासारख्या बारीक चिरा उमटल्या. त्या भरून येत नाहीत. खऱ्या दिव्यांना मग नुसतं भांडी घासायचं लिक्विड आणि पाणी, दोनदा. दिवे गाडीवरून काढूनच घ्या. टेप लावून जागेवर मारलं की कडेला रेघ राहतेच.

घासायला आधी 800 चा वॉटर पेपर, मग 1000 चा, दोन्ही पाण्यात भिजवून. चकाकी कुठेच राहता कामा नये, खाचांत तर नाहीच, कारण रंग सुटायला सुरुवात तिथूनच होते. खाचांसाठी मी भांड्यांचा जुना स्क्रबर वापरला. घासल्यावर काच दुधाळ होते आणि आपण दिवा घालवला असं वाटून पोटात गोळा येतो. घाबरू नका, क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, बसला की ती परत आरपार दिसते.

हवा मात्र गोव्याची आहे हे विसरू नये. भंगारातल्या दिव्यावर पहिला प्रयोग मी सप्टेंबरात, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत केला होता. रंगावर पांढरट धुकं धरलं. रंगातलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं, म्हणून असं होतं. नोव्हेंबरात दुपारी अकरानंतर मारलं तेव्हा काही झालं नाही. टिंटचे, म्हणजे काळसर स्प्रेचे, तीन पातळ हात, मध्ये पंधरा मिनिटं, मग क्लिअरचे तीन. पहिला हात नुसता शिंतोड्यांसारखा. घाई केली की ओघळ आलाच. आठवडाभर सुकू दिलं, मग 2000 चा पेपर आणि रबिंग कंपाउंड. मेहुण्याला वाटलं बाहेरून करून आणलं. सगळा खर्च ₹1,800 च्या आसपास.

हार्डनरवाला क्लिअर जास्त कणखर, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं आणि त्याला तसा खास मास्क लागतो. घराच्या व्हरांड्यात ते नको म्हणून मी साधा घेतला. त्याची किंमत एकदाच मोजली: पंपावर नळीतून दोन थेंब उडाले आणि तेवढ्या जागी क्लिअर मऊ पडून डाग राहिला. उन्हाने, पावसाने काही केलं नाही.

आता अडचण. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात, संध्याकाळी, भोमजवळ मेहुणा माझ्या मागे होता. घरी आल्यावर म्हणाला, "तू ब्रेक मारलास ते मला गाडी जवळ आल्यावर कळलं." रागावला होता, आणि बरोबर होता.

मग मी हिशेब मांडला, जो आधी मांडायला हवा होता. टिंटचा एक हात 20 टक्के प्रकाश अडवतो असं धरलं, तर तीन हातांनंतर जेमतेम 51 टक्के बाहेर येतो. ब्रेकचा बल्ब 21 वॅटचा, तो निदान दिसतो तरी. त्याच बल्बमधली टेलची, म्हणजे रात्री सतत जळणारी, तार 5 वॅटची, ती पावसात गायबच. आणि दिव्यातला लाल रिफ्लेक्टर? मागच्या गाडीचा प्रकाश टिंटमधून आत जातो आणि त्यातूनच परत येतो, म्हणजे दोनदा कापला जातो: 51 टक्क्यांऐवजी 26 टक्केच. गाडी बंद पडून कडेला उभी असेल तेव्हा उपयोग त्याचाच. जास्त वॅटचा बल्ब घालायचा सल्ला मला दोघांनी दिला. पण उष्णतेने प्लास्टिक वाकेल.

कायद्याचं म्हणाल तर मागचे टेल-ब्रेकचे दिवे आणि रिफ्लेक्टर लालच दिसायला हवेत, आणि 'हलका टिंट चालतो' हे फक्त ऐकीव.

पुढच्या रविवारी ब्रेक, टेल, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टरवरचा सगळा टिंट 1000 च्या पेपरने उतरवला, परत 2000 आणि कंपाउंड. काळा ठेवला तो फक्त वरचा कोपरा, जिथे आत बल्बच नाही. चार तास गेले, खांदा तीन दिवस दुखला. दिसायला? खरं सांगायचं तर पूर्ण काळ्यापेक्षा हेच बरं दिसतं. उघड्या भागावर सध्या नुसतं पॉलिश आहे. क्लिअर चवथीनंतर, हवा कोरडी झाली की.