पीएलएफएसचे मासिक पत्रक आणि विदा-सेवा: वापरकर्त्याचा अभिप्राय

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीचे, म्हणजे पीएलएफएसचे, मासिक पत्रक मे 2025 पासून निघू लागले आणि रोजगारीवर लिहिणाऱ्यांची मोठी सोय झाली. 2017 साली सुरू झालेल्या या पाहणीत ग्रामीण भागाचे अंदाज वर्षातून एकदाच मिळत. तिमाही आकडे फक्त शहरांचे असत. जानेवारी 2025 पासून नमुन्याची रचनाच बदलली. पूर्वीच्या 12,800 ऐवजी आता 22,692 प्राथमिक घटक (म्हणजे गावे किंवा शहरांतले विभाग) निवडले जातात, प्रत्येकातून आठऐवजी बारा कुटुंबे घेतली जातात, आणि एकेका कुटुंबाकडे सलग चार महिने पाहणी होते.

ही शेवटची तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. लागोपाठच्या दोन महिन्यांत तीन चतुर्थांश नमुना तोच राहत असल्याने महिन्यागणिक होणाऱ्या बदलाचा अंदाज, दर वेळी नवी कुटुंबे घेतली असती तर आला असता त्यापेक्षा, अधिक स्थिर येतो. तरीही एप्रिल 2025 चा 5.1 टक्के बेरोजगारीचा दर 2023-24 च्या वार्षिक अहवालातील 3.2 टक्क्यांशेजारी मांडून बेरोजगारी भडकल्याची ओरड करणे चूक आहे, कारण पहिला आकडा पाहणीआधीच्या सात दिवसांतील स्थितीवरून काढलेला आहे आणि दुसरा वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीवरून. बहुतेक ठिकाणी जिल्हा हाच आता मूळ स्तर, म्हणजे ज्यातून वेगळा नमुना निवडतात तो गट, झाला आहे. मात्र तेवढ्यावरून गडचिरोलीचा मासिक दर कुणी मागू नये. मासिक पत्रक देशापुरतेच आहे.

कुटुंबनिहाय विदा (डेटा) नोंदणी केल्यावर विनामूल्य उतरवून घेता येते, ही उदारता दाद देण्याजोगी आहे. नवख्याची मात्र तिथे दमछाक होते. जुन्या फायलींत सलग अंकांच्या ओळी असतात आणि कुठला अंक कशाचा, हे वेगळ्या तक्त्यात पाहावे लागते. शिवाय गुणकाला, म्हणजे नमुन्यातले एक कुटुंब किती कुटुंबांच्या वतीने मोजायचे ते सांगणाऱ्या आकड्याला, उपनमुन्यांसंबंधीचे (नमुन्याच्या स्वतंत्रपणे निवडलेल्या भागांसंबंधीचे) दोन रकाने जुळत असतील तर शंभराने आणि जुळत नसतील तर दोनशेने भागायचे असते. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या उपनमुन्यांच्या पद्धतीचा हा वारसा अभ्यासकाला सुखावतो. विद्यार्थ्याला मात्र तो वजने, म्हणजे हे गुणक, दुप्पट झाल्यावरच कळतो. सोडवलेले एक उदाहरण सोबत दिले असते तर बरे झाले असते.

खरी उणीव मात्र पत्रकाच्या हाती नाही. गावांची निवड अजून 2011 च्या जनगणनेच्या यादीवरून होते, आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तोवर शहरांच्या कडेला फुगलेल्या गावांबाबतचे आकडे मी तरी हात राखूनच वापरीन.