फोर्टमधली शाळांची फेरी : निदान मोटन हायस्कूलच्या तासासाठी तरी जाच

रविवारी सकाळी फोर्टमध्ये काही तरुण मंडळी ही फेरी काढतात. माणशी ३५० रुपये, चहा-बिस्कीट त्यातच. आधी पायी एल्फिन्स्टन हायस्कूल आणि सिद्धार्थ कॉलेज, मग एका लहानशा हॉलमध्ये बसून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या एका शाळेवर तासभर व्याख्यान, पडद्यावर फोटोंसह.

पायी भाग बरा आहे. एल्फिन्स्टनच्या फाटकासमोर उभं राहून बाबासाहेब आंबेडकरांचं साताऱ्याच्या शाळेतलं गोणपाट आणि ‘शिपाई नाही तर पाणी नाही’ हे ऐकताना रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा ऐकू येईनासे झाले. वाट दाखवणारी मुलगी सावकाश, नेमकं बोलते. १९०७ साली बाबासाहेब इथूनच मॅट्रिक झाले. पण सिद्धार्थला पोचेपर्यंत घड्याळ पुढे पळालं आणि तिथलं सगळं फुटपाथवरच घाईघाईत उरकलं. याचं मला खरंच वाईट वाटलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली हे कॉलेज काढलं आणि नोकरी करून शिकणाऱ्यांना जमावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. मी उभा जन्म लालबागच्या रात्रशाळेत शिकवलं. मला नेमकं तेच ऐकायचं होतं. त्याच १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, हे एका वाक्यात सांगून मंडळी हॉलकडे वळली. अहो, दोन्ही भागांचा सांधा तिथेच तर आहे! तिथे थांबायला हवं होतं.

व्याख्यानाने मात्र सगळं भरून काढलं. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावचं रॉबर्ट मोटन हायस्कूल. १९३९ मध्ये १८० मुलांसाठी बांधलेलं, १९५१ पर्यंत मुलं साडेचारशेच्या वर गेली. ना जिम, ना कॅन्टीन. जास्तीच्या मुलांसाठी मैदानात लाकडी शेड ठोकल्या आणि वरून डांबरी कागद मारला. पाऊस आला की छत गळायचं, थंडीत शेगडीजवळचा पोरगा भाजायचा आणि दाराजवळचा कुडकुडायचा. गोऱ्या मुलांची शाळा त्याच गावात, सगळ्या सोयींसकट. बार्बरा जॉन्स ही सोळा वर्षांची मुलगी. २३ एप्रिल १९५१ ला मुलांनी खोटा फोन करून मुख्याध्यापकांना गावात पाठवलं, सगळ्यांना सभागृहात बोलावलं, बार्बराने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि अख्खी शाळा संपावर नेली. सोळाव्या वर्षी!

मुलांची मागणी चांगल्या इमारतीची होती. वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन म्हणाले, वेगळी पण बरी शाळा मागणार असाल तर आम्ही नाही, वेगळेपणच मोडायचं असेल तर येतो. आईबाप तयार झाले, खटला उभा राहिला. पुढे ज्या पाच खटल्यांचा मिळून १९५४ चा ब्राउन निकाल लागला, म्हणजे शाळांतला वर्णभेद सुप्रीम कोर्टाने बेकायदा ठरवला, त्यांतला हा एक. मधल्या काळात, १९५३ मध्ये, काउंटीने, म्हणजे फार्मव्हिलच्या जिल्ह्याने, घाईने नवी इमारत बांधून दिली, पण वर्णभेद तसाच.

आणि मग १९५९. गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसवण्यापेक्षा प्रिन्स एडवर्ड काउंटीने सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप लावलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलं कोणी दूरच्या नातेवाइकांकडे, कोणी चर्चच्या तळघरात, आणि कित्येक नुसती घरी. १९६४ ला सुप्रीम कोर्टाने शाळा उघडायला लावल्या, तोवर पाच वर्षं गेली होती. इथे मला डोळे पुसावे लागले. १९८२ च्या गिरणी संपात घरची चूल विझली म्हणून शाळा सुटलेली पोरं पुढे माझ्या वर्गात बाप होऊन आली होती. एकदा वय निघून गेलं की माणूस वर्गात बसायलाही लाजतो, वही बाकाखाली धरतो. व्हर्जिनिया राज्याने २००४ मध्ये त्या बंद शाळांच्या पिढीसाठी शिष्यवृत्ती काढली. चाळीस वर्षांनी का होईना, त्यांचं शिक्षण बुडालं ते सरकारने बुडवलं हे मान्य झालं.

आपल्याकडच्या व्याख्यानांत अशा शाळांबद्दल बोलताना कीव फार असते. इथे ती नव्हती. पोरांनी काय केलं, आईबापांनी काय पणाला लावलं, हेच सांगितलं. जुन्या मोटनच्या इमारतीत आता संग्रहालय आहे, त्याचेही फोटो दाखवले.

मंडळींना तीन गोष्टी सांगेन. हॉलमधला माईक बदला, मागच्या दोन रांगांना निम्मं ऐकू येत नाही. फोटोंखालची इंग्रजी अक्षरं मोठी करा, नाहीतर मराठीत द्या. आणि सिद्धार्थला अर्धा तास ठेवा, हवं तर चहा कमी करा. नववी-दहावीच्या मुलांना नक्की घेऊन जा. सगळ्यांनीच, विशेषतः आम्हा वयस्करांनी, टोपी आणि पाणी बरोबर न्यावं, वाटेत बसायला जागा नाही.