पंख्याच्या झोतातलं झाड: जागा बदलावी, पंखा आवरावा, आडोसा करावा की झाडच बदलावं?

माझ्या लिहायच्या टेबलाशेजारी फर्नची एक कुंडी होती. महिन्याभरात तिची एकच बाजू करपली. भिंतीकडची पानं हिरवीगार आणि मऊ, तर पेडेस्टल पंख्याकडची बोटांत धरली की चुरा होईल इतकी कोरडी. मधोमध कुणी पट्टी लावून रेघ मारल्यासारखं दिसत होतं. अशा वेळी सगळे करतात तेच मीही केलं, पाणी वाढवलं. मग भिंतीकडची चांगली बाजूही पिवळी पडायला लागली. ती मात्र वाऱ्याने नव्हे, मुळं कुजल्याने.

हा ‘एकाच बाजूचा’ नमुना ओळखता आला तर निम्मं काम होतं. पाणी कमी पडलं की झाड सगळीकडून मलूल होतं. जास्त झालं की सहसा आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात आणि माती बोटाला गार, चिकट लागते. पंख्याचा त्रास असेल तर वाऱ्याच्या तोंडावरची पानं आधी जातात, त्यांच्या कडा आणि टोकं तपकिरी होतात. काही वेळा पान आधाराच्या काठीवर किंवा भिंतीवर सतत घासून ओरखडे पडतात. तरी खात्री वाटत नसेल तर कुंडी अर्धा फेरा वळवून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत नवी समोर आलेली बाजू करपू लागली, तर दोष पंख्याकडेच आहे.

वारा पानाचं नेमकं काय करतो? प्रत्येक पानाला चिकटून स्थिर, दमट हवेचा एक पातळ थर असतो. १० सेंटीमीटर लांबीच्या पानावर, जेमतेम जाणवेल अशा मंद हवेत, तो साधारण ४ मिलिमीटर जाडीचा भरतो. वारा चौपट झाला की थर निम्म्यावर येतो. तो जितका पातळ, तितकं पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, पाणी भराभर उडतं. मुळांना तेवढा पुरवठा झेपला नाही की झाड रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड आत येणंही बंद होतं आणि वाढ खुंटते. म्हणजे करपलेली कड उशिरा दिसते, झाड त्याच्या कितीतरी आधीपासून उपाशी असतं.

पण म्हणून पंखा बंद करून टाकणं हाही काही उपाय नाही. हलका वारा झाडाला हवाच असतो. त्याने पानांवर ओल साचून राहत नाही, बुरशीला वाव कमी मिळतो, खोडही दणकट होतं. हलण्या-घासण्याने झाडाची वाढ बुटकी आणि जाड होते, या प्रतिसादाला मार्क जॅफी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७३ साली ‘थिग्मोमॉर्फोजेनेसिस’ असं जीभ अडखळवणारं नाव दिलं. रोपं वाढवणारे लोक मुद्दाम मंद पंखा लावतात तो याचसाठी. तेव्हा वारा हवा, झोत नको.

झोत किती, हे अंदाजाने ठरवू नका. टिश्यू पेपरची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापा आणि पंखा रोज असतो त्याच वेगावर ठेवून ती पानांच्या उंचीवर धरा. पट्टी सरळ लोंबली किंवा किंचित डोलली तर चिंता नाही. तिरकी होऊन फडफडत राहिली तर पुढचं वाचा.

जागा बदलणं

माझं पहिलं मत याला. खर्च नाही, आणि फरक वाटतो त्यापेक्षा मोठा पडतो. टेबल किंवा पेडेस्टल पंख्याचा झोत मोकळ्या जागेत पुढे जाताना पसरतो आणि मंदावतो. थोडं अंतर गेल्यावर हिशेब साधारण असा, की अंतर दुप्पट तर वेग निम्मा. वाऱ्याचा पानावरचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणून वेग निम्मा झाला की दाब जवळपास चौथाईवर येतो. शिवाय झोत सरळ रेषेत जातो. कुंडी मागे नेण्याऐवजी हातभर बाजूला सरकवली तरी पुष्कळदा सुटका होते.

छताच्या पंख्याचं गणित वेगळं आहे आणि इथे बरेच जण फसतात. पात्यांखाली, त्यांच्या घेराएवढा, हवेचा एक खांब सरळ खाली येतो. तो जमिनीवर आपटून चारी दिशांना पसरतो आणि भिंतींलगत मंद होऊन वर चढतो. त्यामुळे पंख्यापासून दूर, पण जमिनीवर ठेवलेल्या बुटक्या कुंडीला वारा लागतो, आणि तिथेच कंबरेएवढ्या उंचीच्या शेल्फवरची कुंडी निवांत असते. आपण दूर नेतो, खरं तर उचलायची असते. पट्टी आधी जमिनीलगत आणि मग कंबरेच्या उंचीवर धरून बघा, फरक डोळ्यांनी दिसेल. टांगलेल्या मनी प्लांटला पात्यांच्या पातळीवर, घेराच्या बाहेर फारसा झोत लागत नाही. पण लांबलेली वेल पात्यांपर्यंत पोचणार नाही याकडे लक्ष ठेवा. हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण वेल एकदा पात्यात अडकली की कुंडीसकट खाली येते.

या उपायाची खरी अडचण प्रकाश. झाड वाऱ्यातून काढायचं म्हणजे बहुतेकदा खिडकीपासून लांब न्यायचं, आणि खिडकीपासून मीटर-दोन मीटरवर उजेड आपल्या डोळ्यांना वाटतो त्याहून फार जास्त घटलेला असतो. माझा साधा कौल असा: हलवल्यावरही झाडाजवळ बसून दिवसा दिवा न लावता वाचता येत असेल, तर हलवा. येत नसेल तर झाड तिथेच राहू द्या आणि पुढच्या दोनपैकी एक करा. करपलेल्या कडांनी झाड मरत नाही, पण अंधारात हळूहळू नक्की मरतं.

पंखा आवरणं

वेग एका टप्प्याने कमी करणं, फिरता पंखा असेल तर तो फिरता ठेवणं, तोंड किंचित वर किंवा भिंतीकडे वळवणं. फिरत्या पंख्याने पानाला मधे मधे उसंत मिळते, एकाच पानावर तासन् तास मारा होत नाही. भिंतीवर आपटून परतलेला वारा तर झाडाला उत्तम, कारण तो विखुरलेला असतो. काही छताच्या पंख्यांना उलट फिरण्याची सोय असते. मग हवा वर खेचली जाऊन भिंतींलगत खाली उतरते. खोलीच्या मधल्या कुंड्या सुटतात, पण भिंतीकडेच्या कुंड्यांना थोडी झळ लागते, एवढं ध्यानात ठेवा.

अडचण माणसांची आहे. उकाड्यात झाडासाठी पंखा कमी करा म्हटलं तर घरातलं कुणी दोन दिवसांपलीकडे ऐकणार नाही, आणि त्यांचंही चुकत नाही. म्हणून ज्या खोलीत तुम्ही एकटे असता तिथेच हा उपाय टिकतो.

वेळेचाही विचार करा. बहुतेक झाडांची पर्णरंध्रं रात्री मिटलेली असतात, त्यामुळे फक्त रात्री चालणारा झोपायच्या खोलीतला पंखा दिवसभर चालणाऱ्या बैठकीच्या पंख्याइतका पाणी ओढत नाही. नाजूक झाड कुठे ठेवायचं याचं उत्तर अनेक घरांत एवढ्यावरच मिळतं. अर्थात माती रात्रीही सुकते आणि पानांची फडफड रात्रीही तेवढीच.

आडोसा करणं

खिडकी सोडता येत नाही आणि पंखाही हलत नाही, तेव्हा हाच मार्ग. पारदर्शक अॅक्रिलिकचा पत्रा लावला तर उजेड येत राहतो आणि मागे चटकन शांतता होते. पण सलग पत्र्याच्या कडांवर हवेचे भोवरे तयार होतात. जे पान कडेबाहेर डोकावतं त्याला आधीपेक्षा जास्त मार बसू शकतो. म्हणून पत्रा झाडापेक्षा चारही बाजूंनी वीतभर तरी मोठा हवा. दुसरा धोका उलटा आहे: मागे हवा अगदीच कोंडली आणि माती ओली राहिली, तर कुंडीभोवती चिलटं घोंघावू लागतात आणि पानांवर भुरी येते.

मला जाळी जास्त पसंत आहे. शेतात वारा अडवायला लावलेली झाडांची रांग भिंतीसारखी घट्ट नसते. साधारण निम्मी उघडी, निम्मी भरलेली रांग वारा जास्त लांबपर्यंत मंद करते, भोवरेही कमी उठतात. घरात तेच काम विरळ विणीचा पडदा किंवा जाळीदार फळी करते. झोत चाळला जातो, हवा खेळती राहते. दिसायला मात्र पत्रा नीटनेटका दिसतो, जाळी नाही, हे कबूल.

आणखी एक प्रकार आहे, तो मला सगळ्यात आवडतो. रबर प्लांटसारखं दणकट झाड पुढे आणि कॅलेथियासारखं नाजूक झाड त्याच्या पाठीशी. पुढच्याची जाड, मेणचट पानं वारा झेलतात, मागच्याला सावलीसकट आडोसा मिळतो. पुढचं झाड मात्र जड कुंडीत लावा. उंच झाड हलक्या प्लास्टिकच्या कुंडीत असेल आणि कोकोपीट वाळून हलकं झालं असेल, तर जोरदार पंखा त्याला सहज आडवं करतो.

झाडच बदलणं

झोताची जागा बदलणं शक्यच नसेल तर तिथे स्नेक प्लांट, झेडझेड, कोरफड किंवा रबर प्लांट ठेवावं. झेडझेड पाणी जमिनीखालच्या कंदात साठवतं. स्नेक प्लांट आणि कोरफड दिवसा रंध्रं मिटून रात्री उघडतात, पानंही जाड, म्हणून वाऱ्याने त्यांचं फार बिघडत नाही. मनी प्लांट मधल्या फळीतला, सहन करतो पण कुरकुरतो. कॅलेथिया, फर्न, फिटोनिया आणि कॅलेडियम झोताच्या तोंडी ठेवूच नका. पीस लिली मान टाकून आधीच तक्रार करते, त्यामुळे ती निदान सांगून तरी रुसते.

ज्यावर भिस्त ठेवू नये

पानांवर पाणी फवारणं. चालू पंख्यासमोर ते काही मिनिटांत उडून जातं. कुंडीखाली पाण्याचं आणि खड्यांचं ताट ठेवणंही तसंच, उठलेला दमटपणा वारा लगेच घेऊन जातो. कुंडीचा प्रकार मात्र खरंच फरक पाडतो: मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही पाणी झिरपून उडतं, म्हणून वाऱ्यात ती प्लास्टिकच्या किंवा चकाकीच्या कुंडीपेक्षा लवकर कोरडी पडते. पंख्याजवळच राहणार असेल तर नाजूक झाड प्लास्टिकच्या कुंडीत लावून ती कुंडी जड सिरॅमिकमध्ये बसवा, आणि तळाशी पाणी साचत नाही ना ते बघत जा.

फर्नचं शेवटी असं केलं: करपलेली पानं बुडाशी कापली, कुंडी टेबलाजवळच्या खिडकीशीच ठेवली, पण जमिनीवरून उचलून स्टुलावर, पंख्याच्या रेषेबाहेर हातभर. मध्ये जाळीचा अर्धा पडदा. पट्टी आता जेमतेम डोलते. एक गोष्ट मी विसरलो होतो. झोतात असताना ती दर दोन दिवसांनी पाणी मागायची, आणि त्याच सवयीने मी ओतत राहिलो. आठवड्याने माती उकरून पाहिली तर खाली नुसता चिखल. आता बोट दोन पेरं आत घालतो, कोरडं लागलं तरच पाणी. सध्या ते पाचव्या दिवशी लागतं, आणि कापल्या जागी तीन नवे कोंब गुंडाळी उलगडत वर आले आहेत.