जुन्या महिंद्रा जीपची पुढची हब बेअरिंगं: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी सीजे-३बी धर्तीची डिझेल जीप, चारही चाकांना ड्रम ब्रेक, ६.००-१६ चे टायर. मे अखेरीस पुढच्या दोन्ही हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) नवे कप-कोन (बेअरिंगची बाहेरची कडी आणि रोलरांसकट आतला भाग), नवी सीलं, नवे लॉक वॉशर आणि ताजं ग्रीस गेलं. त्यानंतर कोकणातला अख्खा पावसाळा, घाटरस्ते, ओढ्यातून जाणं-येणं सगळं झालं आणि फेब्रुवारीत दोन्ही हब पुन्हा उघडून पाहिले. मुद्दाम दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या नामांकित कंपन्यांची बेअरिंगं टाकली होती. डावीकडे साधं एका लिपचं, म्हणजे एकाच घासणाऱ्या कडेचं, सील, उजवीकडे डबल लिपचं.

आधी निकाल सांगतो. बेअरिंगांमध्ये तिळमात्र फरक सापडला नाही. फरक पडला तो सीलमुळे. म्हणून महागडं बेअरिंग घेऊन जुनंच सील परत ठोकणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं.

या जीपच्या प्रत्येक पुढच्या हबमध्ये आतलं आणि बाहेरचं अशी दोन टेपर रोलर बेअरिंगं असतात आणि दोन्ही एकाच नंबरची: कोन १८५९०, कप १८५२०. दुकानात "अठरा पाचशे नव्वद वीस" म्हटलं की माणूस बरोबर पुडकं काढतो. दोन चाकांना चार संच लागतात. आतलं भोक ४१.२७५ मिमी, बाहेरचा व्यास ७३.०२५ मिमी. आकडे विचित्र वाटतात, कारण मूळ मापं इंचातली आहेत, १ ५/८ आणि २ ७/८. अमेरिकन कंपनी विलीजने सीजे-३बी हे मॉडेल १९५३ साली आणलं, अमेरिकेत ते १९६८ मध्ये थांबलं, आपल्याकडे मात्र त्याच ढाच्यावर पुढे कित्येक वर्षं गाड्या निघत राहिल्या. "जवळपास बसतं" म्हणून कोणी मेट्रिक बेअरिंग पुढे केलं तर सरळ परत करा. विकत घेताना कोन आणि कप दोन्हींच्या कडेवर नंबर आणि कंपनीचं नाव स्वच्छ कोरलेलं आहे का, तेही बघा. डबा झकपक आणि बेअरिंग कोरं असेल तर तो माल घेऊ नका. नवा कोन जुन्या कपात बसतो, पण बसवू नका. जुन्या कपावरचे खड्डे नव्या रोलरवर उमटायला वेळ लागत नाही.

बेअरिंग गेलंय की नाही, हे ठरवताना जीपवाल्यांची सर्वात जास्त फसगत टायर करतात. जाड नक्षीचे टायर स्वतःच हुंकारतात. ओळख अशी: डांबरी रस्ता सोडून सिमेंटच्या रस्त्यावर गेलात आणि आवाजाचा पोत बदलला तर दोष टायरचा. रस्ता कोणताही असला तरी घरघर तीच राहिली आणि वळणावर वाढली तर बेअरिंगचा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, म्हणून डाव्या वळणात आवाज वाढला तर आधी उजवं चाक उचला.

गाडी जॅकवर घेऊन अॅक्सलखाली घोडी लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. चाक वरून आणि खालून धरून आतबाहेर हलवा. खटका लागला तरी लगेच बेअरिंगवर खापर फोडू नका, कारण किंग पिनच्या (चाक ज्यावर डावीउजवीकडे वळतं त्या खिळीच्या) बेअरिंगांचा प्ले, म्हणजे ढिलाईही, इथेच जाणवतो. कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर प्ले हबमध्ये आहे, तरीही हललं तर किंग पिनमध्ये. मग चाक हाताने सावकाश फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. खरखर कानाआधी बोटांना कळते.

उघडायच्या आधी एक गोष्ट: जुन्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, स्टडवर "एल" कोरलेला दिसतो. हे माहीत नसलेला माणूस लांब पाइप लावून स्टडच पिळून तोडतो. चाक निघालं की हबची टोपी काढा, मग अॅक्सल शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप (खाचेत अडकलेली स्प्रिंगची कडी), मग सहा बोल्टची ड्राइव्ह फ्लँज (शाफ्टचं फिरणं हबला देणारी तबकडी). ती घट्ट बसलेली असेल तर पुलर लावा. छिन्नी घालून उचकटली की गॅस्केटची बैठक खराब होते आणि पुढे तिथूनच ग्रीस पाझरतं. आत दोन मोठे नट दिसतील, २ १/८ इंची, म्हणजे जवळजवळ ५४ मिमी. त्यांच्या मधल्या लॉक वॉशरची वाकवलेली कड सरळ करून बाहेरचा नट, लॉक वॉशर, आतला नट आणि बेअरिंगला टेकलेला जिभेचा वॉशर या क्रमाने काढा. ब्रेक शू थोडे सैल केले की ड्रमसकट हब हातात येतो.

या नटांसाठी हब पाना हवाच. छिन्नी-हातोड्याने नट फिरवायची आपल्याकडे जुनी खोड आहे आणि बहुतेक जुन्या जीपांच्या नटांचे कोपरे त्यामुळेच खाल्लेले असतात. पानाही पाहून घ्या. पत्र्याचा दाबून केलेला स्वस्त पाना पहिल्याच जोरात पसरतो. जाड नळीचा, आत नीट षटकोन असलेला घ्या. या सगळ्या खरेदीत पैसे सर्वात जास्त वसूल झाले ते या पान्यावर.

जुनी बेअरिंगं फेकायच्या आधी रॉकेलमध्ये धुऊन उजेडात बघा, ती बरंच सांगतात. कपावर रोलरांच्या अंतराअंतराने काळपट आडवे पट्टे असतील तर पाणी शिरून गाडी तशीच उभी राहिली होती. त्याच अंतरावर खोलगट वण असतील तर चाक खड्ड्यात जोरात आदळलंय, किंवा कोणीतरी कप बसवताना कोनावरून हातोडा मारलाय. पृष्ठभागाचे पापुद्रे निघालेले असतील तर बेअरिंगचं आयुष्य संपलं. निळसर-तपकिरी रंग दिसला तर नट जास्त आवळलेला होता किंवा ग्रीस संपलं होतं. कोनाच्या आतल्या भोकात नुसती चकाकी असेल तर घाबरू नका. या रचनेत कप हबमध्ये घट्ट आणि कोन स्पिंडलवर (हब ज्याभोवती फिरतो त्या स्थिर दांड्यावर) थोडा सैल असतो, तो चालताना हळूहळू सरकत फिरतो. जिभेचा वॉशर त्यासाठीच आहे, कोनाचं फिरणं नटपर्यंत पोचू नये म्हणून. पण स्पिंडलवर नख अडकेल अशी खाच पडली असेल तर नुसतं नवं बेअरिंग टाकून भागणार नाही. आणखी एक, कमी ऐकिवातलं कारण: बॉडीला वेल्डिंग करताना अर्थिंगची क्लिप चाकाच्या बाजूला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरांवर बारीक टोचे पडतात. क्लिप नेहमी वेल्डिंगच्या जागेजवळच लावायला सांगा.

धुतलेलं बेअरिंग हवेच्या नळीने गरगर फिरवून वाळवायची हौस टाळा. कोरडं रोलर त्या वेगात चरे पाडून घेतं, क्वचित जाळी सोडून उडतंही. ब्रेकची धूळसुद्धा हवेने उडवू नका, जुन्या शूमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

कप काढताना पितळी पंचाने समोरासमोरच्या बाजूंवर आलटूनपालटून ठोकायचं, एकाच जागी ठोकलं की तो तिरका अडकतो. अगदीच हटून बसला तर कपाच्या आतल्या बाजूने वेल्डिंगची एक रेघ ओढावी. थंड होताना कप आकसतो आणि जवळजवळ आपोआप सुटतो. नवा कप बसवण्याआधी हबची बैठक पुसून कोरडी करा, कप तासभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि जुना कप बाहेरून थोडा घासून त्याचाच ठोकणी म्हणून वापर करा. तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बद्दऐवजी टणक येतो. तरी फीलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांच्या जुडीतली) सर्वात पातळ पट्टी मागे शिरते का, हे तपासा. शिरली तर कप पूर्ण बसलेला नाही. आज लावलेला प्ले चार दिवसांत वाढेल.

ग्रीससाठी गॅरेजमध्ये मिळणारं एपी-३ पुरेसं आहे, फक्त ते लिथियम बेसचं आहे हे डब्यावर वाचून घ्या. स्प्रिंगच्या शॅकलला मारतात ते स्वस्त चासी ग्रीस हबमध्ये नको. कॅल्शियम बेसचं ग्रीस शंभर अंशांच्या आसपासच वितळायला लागतं आणि घाटात ब्रेकवर उतरताना ड्रमची उष्णता हबपर्यंत येते. लिथियम ग्रीस वितळायला १८० अंशांच्या आसपास तापावं लागतं. जुनं ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय नवं भरू नका. दोन वेगळ्या बेसची ग्रीसं मिसळली की पातळ होऊन वाहू शकतात.

भरायची पद्धत जुनीच, तळहातावरची. तळहातावर गोळा घ्या आणि बेअरिंगचं रुंद तोंड त्यात दाबत राहा, ग्रीस दुसऱ्या, अरुंद तोंडातून रोलरांमधून बाहेर येईपर्यंत. मग बेअरिंग थोडं फिरवून पुढचा भाग. वरवर माखलेलं ग्रीस रोलरपर्यंत पोचतच नाही. दोन बेअरिंगांच्या मधली हबची पोकळी मात्र गच्च भरू नका, तिसरा हिस्सा ते अर्धी बास झाली. गच्च भरलेला हब तापतो, ग्रीस सीलमधून बाहेर ढकलतो आणि ते थेट ब्रेक शूवर. अर्ध्या किलोचा डबा दोन्ही चाकांना पुरून उरतो.

आता नट, ज्यावर सगळं अवलंबून आहे. हब एका हाताने सतत फिरवत आतला नट आवळत जा, हब जड फिरायला लागेपर्यंत. फिरवल्याशिवाय आवळलं तर रोलर तिरके राहतात आणि नट घट्ट असल्याचा नुसता भास होतो. जड झाला की नट एक षष्ठांश फेरा मागे घ्या. नट षटकोनी आहे, म्हणजे बरोबर एक बाजू मागे. मग लॉक वॉशर आणि बाहेरचा नट घट्ट. आणि इथे बहुतेक जण थांबतात, थांबू नका. बाहेरचा नट आवळला की आट्यांमधली ढिलाई निघून आतला नट किंचित पुढे दाबला जातो, ठेवलेला प्ले कमी होतो. म्हणून हब परत फिरवून आणि हलवून बघा. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) असेल तर ०.०३ ते ०.१२ मिमी चांगलं. नसेल तर हब सैल फिरावा आणि हलवल्यावर जेमतेम जाणवेल न जाणवेल इतका प्ले असावा. शंका असेल तर किंचित सैल बाजूला राहा. घट्ट बेअरिंग जळतं, किंचित सैल नुसतं कुरकुरतं. सगळं जमलं की लॉक वॉशरची कड नटावर वाकवा. दर वेळी नवा वॉशर. तीच कड दुसऱ्यांदा वाकवली की तुटते. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर प्ले एकदा पुन्हा तपासावा. इथेही दोन्ही चाकांना अगदी थोडं आवळावं लागलं.

फेब्रुवारीत काय दिसलं? उजव्या हबमधलं ग्रीस अजून पिवळट-तपकिरी आणि चिकट, कप आरशासारखे. डावीकडे बाहेरचं बेअरिंग तितकंच चांगलं, पण आतल्या बेअरिंगभोवतीचं ग्रीस राखाडी, दुधाळ झालेलं आणि सीलच्या लिपला बारीक चिखलाची कड. रोलर अजून शाबूत होते, धुऊन पुन्हा वापरता आले. आणखी एक पावसाळा तसाच गेला असता तर काळे पट्टे पडलेच असते. कारण सरळ आहे: गरम हब थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. घाट उतरून थेट ओढ्यात घालण्याऐवजी काठावर थोडा वेळ थांबणं हा फुकटचा उपाय आहे. सील बसवताना मुख्य लिप बेअरिंगकडे, लिपला थोडं ग्रीस, आणि स्पिंडलवर सील जिथे घासतं तिथला गंज बारीक पॉलिश पेपरने काढलेला. तो खडबडीत राहिला तर डबल लिपही टिकणार नाही.

हबमध्ये ग्रीसऐवजी काळं पातळ तेल सापडलं तर तो पाण्याचा दोष नाही. अॅक्सलच्या आतलं सील गेलं की गिअर ऑइल नकलमध्ये (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या खोळीत) येतं, तिथून स्पिंडलच्या बुशमधून हबमध्ये. मग हबचं सील कितीही बदला, ग्रीस पातळ होत राहणार.

बाहेर काढलेले रुंद रिम किंवा स्पेसर लावणाऱ्यांना हा अनुभव लागू होईल असं समजू नका. चाकाची मध्यरेषा बाहेर गेली की वजन दोन बेअरिंगांच्या मधून सरकून बाहेरच्या बेअरिंगवर जास्त पडतं. अशा गाडीत प्ले तपासण्याचं अंतर निम्मं करा. साध्या गाडीला पावसाळा संपल्यावर एकदा हब उघडणं किंवा दहा हजार किलोमीटर, जे आधी येईल ते, हे माझ्या मते पुरेसं आहे.

मागच्या चाकांना हे काहीही लागू नाही. तिथे टेपर शाफ्टवर हब चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) बसतो, प्ले शिमने (पातळ चकत्यांनी) जमवायचा असतो आणि हब काढायला खास पुलर लागतो. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारून तो काढायला गेलात तर आतल्या बेअरिंगांचंही नुकसान होतं. मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांच्या पुढच्या बेअरिंगांना तर असा प्ले लावायचाच नसतो. ती प्रेसवर बसतात आणि अॅक्सल नट ठरलेल्या टॉर्कला आवळायचा, एवढंच.

पुढच्या खेपेला डावीकडेही डबल लिपचंच सील जाणार आहे. बेअरिंग मात्र तेच राहतील.