नुसता नवा बेल्ट टाकायचा की पाण्याचा पंपही?

सकाळी चावी फिरवली की 'कुईऽऽ' करून गाडी अख्खी गल्ली उठवते आणि दोन मिनिटांत गप्प होते. गॅरेजवाला बॉनेट उघडायच्या आधीच सांगतो, "बेल्ट गेलाय." म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या बाजूनं अल्टरनेटर, एसी फिरवणारा रबरी पट्टा. बरेचदा त्याचं खरंही असतं. माझ्या गाडीत मात्र सहा महिन्यांत दोन नवे बेल्ट पडले आणि आवाज जिथल्या तिथं. शेवटी बीडहून संभाजीनगरला जाताना गेवराईच्या पुढं एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गाडी लावली. सगळे त्यांना चाचा म्हणत होते. चाचांनी बेल्ट उतरवला, आयडलर पुली, म्हणजे बेल्टला नुसती वाट देणारी मोकळी पुली, बोटानं फिरवली आणि मला म्हणाले, "भाऊ, तुम्हीच फिरवून बघा." जात्यात खडा यावा तशी खरखर. "बेल्ट नुसता ओरडतोय. दुखणं याचं आहे."

म्हणून पैसे काढण्याआधी आवाज कुणाचा ते ठरवा. बेल्टचा आवाज वरच्या पट्टीत असतो. घसरत असला की लांब किंकाळी, पुल्या एका रेषेत नसल्या की चिमणीसारखी चिवचिव. पुलीच्या आतल्या बेरिंगचं तसं नसतं. ते घरघरतं, रेस वाढवली की सूर चढतो, आणि गाडी तापली म्हणून थांबत नाही. फक्त पावसाळ्यात, दमट सकाळीच कुईकुई होऊन लगेच जात असेल, तर त्यासाठी खिशात हात घालायची घाई नको. ताण तेवढा बघून घ्या.

कानावर भरवसा नसेल तर पाण्याची परीक्षा करा. गळ्यातला रुमाल आधी काढून ठेवा, बाह्या वर करा. इंजिन चालू ठेवून, हात लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर बाटलीनं थोडं पाणी फवारा. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुली वाकडी बसलीय. तिथं नवा बेल्टही आठवडाभरात तेच गाणं गाईल. पाणी पडताच किंकाळी वाढली तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे किंवा खाचा झिजल्यात. काहीच फरक पडला नाही तर बेल्टला सोडा आणि बेरिंगांकडं वळा. नव्या प्रकारच्या रबराला जुन्यासारख्या भेगा पडत नाहीत, त्याच्या खाचा आतून झिजतात. त्यामुळं 'दिसायला चांगलाय' या शब्दावर जाऊ नका.

खात्री करायची तर चाचांची पद्धत उत्तम. बेल्ट काढून इंजिन पंधरा-वीस सेकंद चालू करायचं. आवाज गेला तर दोष बेल्टमध्ये किंवा त्यावर फिरणाऱ्या वस्तूंत. राहिला तर तो इंजिनाच्या आत, आणि तो वेगळा विषय. वीस सेकंदांहून जास्त वेळ नको, कारण बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा पंपही याच बेल्टवर असतो. मग इंजिन बंद करून एकेक पुली हातानं फिरवायची.

आता खरा प्रश्न पाण्याच्या पंपाचा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो. एसी चालू, गाडीत सहा माणसं आणि मांजरसुंब्याचा घाट. अशा वेळी पंपानं मान टाकली तर इंजिनच जातं. त्यात आपली जुनी सवय: रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. आपलं बोअरचं पाणी जड. त्याचे क्षार आत बसतात, पंपाचं सील खातात. सील गेलं की पाणी बेरिंगपर्यंत पोचतं आणि घरघर सुरू होते. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं. त्याच्याखाली हिरवा, गुलाबी किंवा पांढरा सुकलेला ओघळ दिसला, किंवा पुली हातानं हलवल्यावर डुलली, तर नवा पंप टाकाच. नुसता बेल्ट बदलून पंप 'पुढच्या वेळी' म्हणणं मला पटत नाही. नवीन पंपाबरोबर तयार कूलंट भरा, बोअरचं पाणी नको.

उलट पंप कोरडा आहे, पुली घट्ट आहे, आवाजही बेल्टचाच, तर पंप टाकायची गरज नाही. मात्र बेल्टबरोबर टेन्शनर (बेल्टचा ताण धरणारी पुली) आणि आयडलर फिरवून बघा. बेल्टच्या मानानं ते महाग, पण मजुरी एकाच वेळची.

तुमच्या गाडीचा पंप या बाहेरच्या बेल्टऐवजी टायमिंग बेल्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या बेल्टवर असेल तर हिशोबच बदलतो. १.५ लिटर डिझेल डस्टरमध्ये तसा आहे. तिथं पंपापर्यंत पोचायलाच सगळं उघडावं लागतं, म्हणून टायमिंग बेल्ट बदलताना पंप चांगला असला तरी बदलून घेतात. तिथं जाम झालेला पंप टायमिंग बेल्ट तोडू शकतो, मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. १.३ डिझेलच्या स्विफ्टमध्ये टायमिंगला चेन आहे. तिथं ही भीती नाही.

बेल्टवरच्या बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. हेडलाइट, ब्लोअर सगळं लावल्यावर किंचाळी वाढली तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा भार बेल्टला पेलत नाही. एसीचं बटण दाबताच आवाज बदलला तर कॉम्प्रेसरच्या क्लचकडं बघा. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर हुंदका दिल्यासारखा आवाज येत असेल, तर बोलेरोसारख्या तेलावर चालणाऱ्या स्टीअरिंगमध्ये आधी तेल बघा, स्टीअरिंगचा पंप नंतर. इलेक्ट्रिक स्टीअरिंगच्या गाडीत हा पंपच नसतो. कुणी तो बदलायला सांगितला तर गाडी उचलून घरी या.

आणि बेल्टला साबण, पावडर, स्प्रे मारणारे भेटतील. संध्याकाळपर्यंत शांतता असते, खरंय. पण त्यानं रबर खराब होतं आणि दोष झाकला जातो.

चाचांनी माझ्या गाडीत फक्त आयडलर बदलली आणि उतरवलेला बेल्ट परत चढवला. त्याच्या आधी बदललेला बेल्टही चांगलाच होता. तो आता डिक्कीत स्टेपनीशेजारी गुंडाळून ठेवलाय.