टात्सचे चौदा महिने: पेपर एकच, दर तीन

गेल्या आठवड्यात माझा जुना टॅबलेट बंद पडला आणि दोन दिवस टात्स हा माझा रोजचा जर्मन पेपर वाचायला मिळाला नाही. दुरुस्तीवाल्याने नवीन बॅटरीचे जे पैसे सांगितले, ते ऐकून मी टॅबलेट तसाच पिशवीत घालून परत आणला. त्या दोन दिवसांत सकाळ इतकी रिकामी गेली की या पेपरबद्दल एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. नऊ महिने तो कागदावर वाचला आणि पाच महिने अॅपवर.

बर्लिनमध्ये राहणाऱ्यांना टात्स माहीत असतो. पूर्ण नाव 'दी टागेसत्सायटुंग', म्हणजे नुसतं 'दैनिक'. उच्चार मराठी माणसाला सोपा आहे: आपली पायाची 'टाच' म्हणायची, फक्त 'आ' आखूड ठेवायचा. जर्मनमध्ये जवळपास तसाच उच्चार असलेल्या एका शब्दाचा अर्थ पंजा होतो, म्हणून पेपरच्या चिन्हात जनावराच्या पंजाचा ठसा आहे. डाव्या विचारांचा पेपर आहे, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. मला सांगायचंय ते दराबद्दल.

जानेवारी 2025 मध्ये मी वर्गणी भरायला बसले तेव्हा फॉर्मवर एकाच पेपरचे तीन दर होते: कमी केलेला, नेहमीचा आणि तिसरा 'राजकीय दर'. तिन्हींत पेपर तोच, पानं तीच. ज्यांना परवडतं त्यांनी वरचा दर भरायचा, म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांना खालच्या दरात पेपर देता येतो. माझी नोकरी सुटून दोन महिने झाले होते, म्हणून मी खालचा दर निवडला. मग पुरावा कुठे जोडायचा ते शोधायला लागले. या देशात घर बदललं तरी कागद लागतो, ग्रंथालयाच्या कार्डालाही कागद लागतो. फॉर्म तीनदा वरखाली केला, पुराव्याचा रकानाच नव्हता. कुठला दर तुम्हाला झेपतो ते तुम्हीच ठरवायचं आणि त्यांनी ते मानायचं. मी काटकसरीच्या घरात वाढलेय, प्रत्येक पावती जपून ठेवते. माझ्या शब्दावर कुणी असा विश्वास टाकेल, असं वाटलं नव्हतं.

सुरुवातीला ही कुणा हुशार माणसाची विक्रीची युक्ती असेल, असं मला वाटलं. इतिहास वाचल्यावर मत बदललं. 1977 च्या शरदात पश्चिम जर्मनीत अतिरेक्यांनी उद्योगपती श्लायर यांचं अपहरण केलं, सरकारने बातम्यांवर बंधन घालायला सांगितलं आणि मोठ्या वृत्तपत्रांनी ते पाळलं. आपल्याला खरं काय ते कळत नाहीये, ही चीड तरुणांमध्ये साचली. जानेवारी 1978 मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात 'टूनिक्स' नावाचा मेळावा भरला, हजारो मुलं आली आणि तिथे आपलं स्वतःचं दैनिक हवं हा विचार पुढे आला. वकील हान्स-क्रिस्टियान श्ट्र्योबेले हे संस्थापकांपैकी एक. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नमुना अंक निघाला आणि 17 एप्रिल 1979 पासून पेपर रोज निघू लागला. मागे मालक नाही, भांडवल नाही. अंक निघण्याआधीच लोकांनी वर्गणीचे पैसे पाठवले, त्यावर गाडा चालला. सुरुवातीच्या काळात संपादकापासून टंकलेखकापर्यंत सगळ्यांना एकच पगार होता. 1980 मध्ये तिथल्या बायकांनी भांडून कामाच्या जागांत 52 टक्के वाटा मिळवला. एवढ्या वर्षांपूर्वी, 50 नाही तर 52. तो आकडा वाचल्यावर मी नवऱ्याला हाक मारून दाखवला.

पैशाची ओढाताण मात्र कायम राहिली. बर्लिनची भिंत पडल्यावर पश्चिम बर्लिनला मिळणारी सरकारी मदत आटली, तेव्हा पेपर कुणाला तरी विकायचा की नाही यावर आत मोठा वाद झाला. 1992 मध्ये त्यांनी सहकारी संस्था केली. हे वाचून मी थबकलेच. आपल्याकडे प्रवरानगरला 1950 मध्ये साखर कारखाना सहकारातून उभा राहिला. भागधारक, सर्वसाधारण सभा, एका सभासदाला एक मत, हे शब्द मी आजोळी लहानपणापासून ऐकलेत. आजोबांकडे कारखान्याचा भाग होता आणि ते सभेला धुतलेलं धोतर नेसून जायचे. आज टात्सचे 20 हजारांहून जास्त सभासद आहेत. कुणी कितीही पैसे घातले तरी मत एकच. फ्रीडरिशश्ट्रासेवरची त्यांची नवी इमारत 2018 मध्ये झाली, तिच्यातही सभासदांचा पैसा आहे. मी मुद्दाम बघून आले. बाहेरून लोखंडी जाळीसारखी दिसते.

तिथून जवळच जुनी जागा. त्या रस्त्याला 2008 पासून रूडी डुट्श्के यांचं नाव आहे. हे विद्यार्थी नेते. 1968 मध्ये बर्लिनमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याच जखमांच्या परिणामांनी 1979 च्या नाताळात ते गेले. त्या हल्ल्यासाठी विद्यार्थ्यांनी आक्सेल श्प्रिंगर यांच्या वृत्तपत्रांना जबाबदार धरलं होतं. रस्त्याचं नाव बदलावं म्हणून टात्सने मोहीम चालवली, विरोध झाला, लोकांचं मत घ्यावं लागलं. आता एका कोपऱ्यावर डुट्श्के आणि श्प्रिंगर या दोन्ही नावांच्या पाट्या आहेत. मी त्या कोपऱ्यावर थंडीत दहा मिनिटं उभी होते.

आता रोजच्या वापराबद्दल. माझं जर्मन मधल्या पातळीचं, त्यामुळे पहिले दोन महिने पहिल्या पानाचा मथळाच कळायचा नाही. हे मथळे शब्दांशी खेळतात. खेळ कळला की बातमी निम्मी कळते. 2005 मध्ये जर्मन पोप निवडून आले तेव्हा एका मोठ्या पेपरने 'आपण पोप झालो' असा मथळा दिला होता. टात्सने पान काळं ठेवून 'अरे देवा!' एवढंच लिहिलं. माझ्या जर्मनच्या बाईंनी तो किस्सा वर्गात सांगितला, तेव्हापासून मी रोज मथळा आधी पेन्सिलीने वहीत उतरवायची आणि मग पान उलटायची. आणखी एक अडचण म्हणजे 'वाचक' हा शब्दसुद्धा तिथे एका रूपात येत नाही. 1980 च्या दशकात त्यांनी पुरुषवाचक आणि स्त्रीवाचक रूप एका शब्दात बसवायला मधलंच अक्षर मोठं छापायला सुरुवात केली, आता बऱ्याचदा तारा (*) असतो. शब्दकोशात ते रूप सापडत नाही. मराठीत 'गेला', 'गेली', 'गेलं' म्हणणाऱ्या मला त्यामागचा मुद्दा पटकन पटला, पण परीक्षेत तसं लिहू नका, असं बाईंनी बजावलं होतं.

जुलैमध्ये मला नोकरी लागली. तरी मी खालचाच दर भरत राहिले. कुणी विचारलं नाही, कुणाचं पत्र आलं नाही. तीन महिने वाचलेल्या पैशांचा हिशोब मी वहीत मांडत होते. ते पैसे खरोखर वाचले, पण ती वही उघडताना दर महिन्याला काहीतरी टोचायचं.

17 ऑक्टोबर 2025 ला, शुक्रवारी, सोमवार ते शुक्रवारच्या अंकांपैकी शेवटचा छापील अंक आला. हे होणार ते आधीच जाहीर झालं होतं. तेव्हाचे व्यवस्थापक कार्ल-हाइन्त्स रूख यांनी तर 2018 मध्येच छापील दैनिकाचे दिवस भरले आहेत, असं लिहिलं होतं. छपाई आणि घरोघरी वाटप यांचा खर्च वाढत गेला, खप घटत गेला. तरी सोमवारी सकाळी मी सवयीने चार जिने उतरून पेटी उघडली. आत फक्त पिझ्झाच्या दुकानाचं पत्रक होतं.

अॅपबद्दल माझं पहिलं मत वाईट होतं. पान एका नजरेत दिसत नाही, पेन्सिल चालत नाही, आणि मेथी कशावर निवडायची हा आमच्या घरातला खरा प्रश्न झाला. इथे रद्दीचे पैसे मिळत नाहीत, निळ्या डब्यात टाकायची असते. पण मी एकेक अंक तीनदा वापरायची: वाचायला, भाजी निवडायला आणि ओले बूट भरायला. महिन्याभरात मात्र मत थोडं हललं. उद्याचा अंक आदल्या संध्याकाळी येतो, त्यामुळे अडलेले शब्द मी रात्रीच काढून ठेवते आणि सकाळी ट्रेनमध्ये अग्रलेख सलग वाचते. कागदावर मला हे कधी जमलं नव्हतं. संकेतस्थळ तर सगळ्यांना फुकट आहे, तिथे कुलूप नाही. वाटलं तर पैसे द्या, एवढंच ते म्हणतात. म्हणजे मी एक पै न भरता हाच पेपर वाचू शकले असते.

हे लक्षात आलं त्या रात्री मी हिशोबाची वही काढली आणि दर बदलला. नेहमीचा दर घेतला. राजकीय दर अजून झेपत नाही, घरभाडं जानेवारीत वाढलंय. सभासदाच्या भागाचे किमान पैसे हप्त्याने भरता येतात, ते पुढच्या हिवाळ्यात बघू.

टॅबलेट अखेर जुन्या बाजारातून दुसरा घेतला. नव्या बॅटरीपेक्षा स्वस्त पडला आणि पडदा मोठा आहे. शनिवारचा अंक अजून छापून येतो, जाडजूड, आठवडाभर पुरेल एवढा. त्यामुळे मेथी आता मी शनिवारीच आणते.